वाचकांचे प्रश्न : परदेशातली शुल्क-सवलत आणि आपला माल

या महिन्यात बेळगाव, अथणी, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावर आहेत. परदेशी ग्राहक ‘सवलतीचा कागद द्या’ म्हणतो, तो कागद म्हणजे काय आणि त्याने आपले भले होते का. उत्तरांत दोन शब्द वारंवार येतील. ‘मूळ शुल्क’ म्हणजे जागतिक व्यापार संघटनेतल्या सगळ्या सदस्यांना एखादा देश जे आयात शुल्क लावतो ते. ‘सवलतीचे शुल्क’ म्हणजे काही ठरावीक देशांच्या मालाला त्यापेक्षा कमी लावलेले. ही सवलत दोन वाटांनी येते. श्रीमंत देश एकतर्फी देतात ती जीएसपी, आणि दोन देशांनी करार करून एकमेकांना दिलेली. पहिली देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवावे.

प्रश्न : आम्ही अथणीत कोल्हापुरी चपला बनवतो. आजवर माल व्यापाऱ्यांमार्फत जायचा. आता जर्मनीतल्या एका दुकानदाराने थेट ५०० जोड मागवलेत, जोडी १२ युरो. तो म्हणतो, ‘जीएसपीचा कागद द्या, नाहीतर भाव उतरवा.’ आमच्या मालाला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तेवढ्यावर भागेल का? – चप्पल उत्पादक, अथणी

भागणार नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाला. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे बेळगाव, बागलकोट, विजापूर, धारवाड असे आठ जिल्हे आहेत. पण जीआय नावाचे रक्षण करतो, सीमाशुल्क कमी करत नाही. जर्मनीच्या कस्टमला ‘हा माल भारतात, आमच्या नियमांप्रमाणे बनला’ एवढाच पुरावा हवा असतो, आणि तो वेगळ्या कागदाने द्यावा लागतो.

आधी चपलेचा एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक, पक्का करा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. चामड्याच्या पादत्राणांत ६४०३.२० हा उपशीर्ष जणू आपल्या चपलेकडे बघूनच लिहिलाय. बाहेरचा तळ चामड्याचा, आणि वरचा भाग म्हणजे पायाच्या वरून जाणारे व अंगठ्याभोवती फिरणारे चामडी पट्टे. तुमची चप्पल उलटी करून पाहा. तळ निव्वळ चामड्याचा असेल तर ती या कोडात बसते. पावसात टिकावी म्हणून खाली रबराचा पातळ थर चिकटवला असेल, तर मात्र जमिनीला जास्तीत जास्त टेकणारा भाग रबराचा झाला, आणि बाहेरचा तळ कशाचा हे त्यावरच ठरते. ती चप्पल ६४०३.२० मधून बाहेर पडते. एकाच पेटीत दोन्ही प्रकार भरले तर इनव्हॉइसवर दोन ओळी, दोन कोड हवेत. अमेरिकेला माल पाठवताना हा फरक फार महाग पडतो. तिथे ६४०३.२० चे मूळ शुल्क शून्य आहे, तर रबरी तळाच्या चामडी पादत्राणांना साधारण साडेआठ ते दहा टक्के. (२०२५ पासून अमेरिकेने मूळ शुल्कावर लावलेली जादा शुल्के वेगळी, ती मालाच्या दिवशीचा दर पाहून धरावीत.)

आता युरोप. या चपलेवर तिथले मूळ शुल्क ८ टक्के आहे. जीएसपीत पादत्राणे ‘संवेदनशील’ गटात येतात, म्हणून शुल्क माफ होत नाही, साडेतीन टक्के-बिंदूंनी उतरते. म्हणजे साडेचार टक्के. हिशेब असा : ५०० जोड, १२ युरो, एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत) ६,००० युरो. भाडे आणि विमा ४०० धरला तर सीआयएफ ६,४००, आणि युरोपात शुल्क सीआयएफवर लागते. आठ टक्क्यांनी ५१२ युरो, साडेचार टक्क्यांनी २८८. वाचले २२४ युरो, जोडीमागे ४५ सेंट. हे पैसे तुमच्या नाही, त्या दुकानदाराच्या खिशात वाचतात. शुल्क तो भरतो. म्हणून ‘कागद द्या नाहीतर भाव उतरवा’ या बोलण्यात तो तुमच्याकडून जे मागतोय त्याची किंमत जोडीला जास्तीत जास्त ४५ सेंट आहे. त्याने कागद नसल्याबद्दल एक युरो उतरवायला सांगितले तर तो सौदा नाकारावा. उलट कागद देत असाल तर त्यातले निम्मे, जोडीला २० सेंट, भावात मागायला संकोच करू नका.

कागद कसा द्यायचा? युरोपच्या जीएसपीत आता शिक्क्याचे सर्टिफिकेट लागत नाही. २०१७ पासून तिथे रेक्स, म्हणजे नोंदणीकृत निर्यातदाराची, पद्धत आहे. निर्यातदार स्वतः इनव्हॉइसवर ठरावीक मजकुराचे निवेदन लिहितो. खेपेतल्या मालाची किंमत ६,००० युरोपर्यंत असेल तर नोंदणी नसलेलाही ते लिहू शकतो, त्यापुढे रेक्स क्रमांक सक्तीचा. तुमची ऑर्डर नेमकी या रेषेवर उभी आहे. नमुन्याचे दहा जोड जादा टाकून बिल ६,१२० झाले की नोंदणीशिवायचे निवेदन गेले वाया. दोन बिले केल्यानेही सुटका नाही, कारण मोजली जाते ती खेप. पुढच्या ऑर्डरी येणार असतील तर रेक्स आत्ताच काढा. आयईसी (निर्यातदाराचा सरकारी क्रमांक), पॅन, मालाचे एचएस कोड आणि उत्पादन कसे होते त्याची माहिती एवढ्यावर अर्ज होतो.

निवेदनाचा मजकूर इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्येच चालतो आणि तो शब्दशः ठेवायचा. त्यात आपल्या मनाने भर घालू नका. शेवटी उगमाचा निकष येतो. कातडे, दोरा, खिळे, रंग सगळे भारतातले असेल तरच ‘पी’ लिहावे. एखादी गोष्ट बाहेरची असेल किंवा शंका असेल तर ‘डब्ल्यू ६४०३’. पादत्राणांचा युरोपचा नियम सैल आहे. कच्चा माल कुठलाही चालतो, फक्त आतल्या तळाला आधीच जोडलेले तयार वरचे भाग आयात करून शिवलेले नसावेत. अथणीत कातडे कापण्यापासून वेणी घालण्यापर्यंत सगळे तिथेच होते, त्यामुळे तुम्ही नियमात बसता. निवेदन १२ महिने चालते.

बिघडते कुठे ते सांगतो. मालाचे वर्णन ‘लेदर गुड्स’ असे मोघम लिहिले की पलीकडचा अधिकारी कोड ताडून पाहू शकत नाही आणि सवलत अडवतो. निवेदनाखाली पूर्ण पत्ता आणि तारीख नसते. आणि सर्वांत वाईट म्हणजे दोन वर्षांनी तपासणीचे पत्र येते तेव्हा कातड्याच्या खरेदीची बिलेच सापडत नाहीत. उत्तर गेले नाही तर दुकानदाराकडून शुल्क वसूल होते आणि तो पुन्हा ऑर्डर देत नाही. बिले, कारागिरांना दिलेल्या मजुरीची वही, कटिंगची नोंद, सगळे ५ वर्षे एका फायलीत ठेवा.

आणखी एक गोष्ट शुल्काची नाही, पण सांगितलीच पाहिजे. युरोपात पायाला लागणाऱ्या चामड्यात सहा-संयुजी क्रोमियम किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आतच असावे लागते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्यात ही अडचण सहसा नसते. बाजारातले क्रोम कातडे पट्ट्यांसाठी आणलेत तर प्रयोगशाळेचा अहवाल आधी घ्या. त्यात नापास झालेला माल शून्य शुल्कातही परतच येणार.

प्रश्न : आमच्या चपला निपाणीत बनतात, पण निर्यातदार कोल्हापूरचा आणि आयईसी त्याच्या नावावर. मालाचा उगम कर्नाटक धरायचा की महाराष्ट्र? – कारखानदार, निपाणी

परदेशी कस्टमसाठी उगम म्हणजे भारत. वाटेत राज्याची हद्द ओलांडल्याने काहीही बिघडत नाही. पण आपल्याच शिपिंग बिलात, म्हणजे भारतीय कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या कागदात, फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक मालापुढे उगमाचे राज्य आणि जिल्हा भरावा लागतो, आणि माल कोणत्या सवलतीखाली किंवा कराराखाली जातोय तेही. तिथे जिल्हा बेळगाव लिहिला पाहिजे, कोल्हापूर नव्हे, कारण जिल्हा कार्यालयाचा नव्हे तर मालाचा विचारलाय. सीएचए (कस्टमची कागदपत्रे करणारा एजंट) बहुतेक वेळा निर्यातदाराच्या पत्त्यावरून भरून टाकतो, म्हणून चेकलिस्ट आली की तो रकाना स्वतः वाचा. आपल्या भागातून किती माल बाहेर जातो याचा सरकारी हिशेब याच रकान्यावरून होतो. चुकीचा भरला तर तुमची निर्यात कागदोपत्री दुसऱ्याच जिल्ह्याच्या नावावर चढते.

सवलतीचे निवेदन निर्यातदार करेल, पण पुरावा तुमच्याकडचा लागेल. त्याला प्रत्येक लॉटबरोबर एक साधे पत्र द्या. त्यात लॉट नंबर, जोडांची संख्या, कातडे कोणाकडून घेतले, कुठे कापले-शिवले आणि तुमची सही असावी. व्यापारी तीन गावचा माल एकाच पोत्यात मिसळतो तेव्हा हा धागा तुटतो. ते तुम्ही रोखू शकत नाही, निदान तुमच्या पोत्यावर लॉट नंबर असावा.

प्रश्न : उद्यमबागेत आमचे हायड्रॉलिक सिलिंडरचे युनिट आहे. मलेशियाच्या ग्राहकाला ‘फॉर्म एआय’ (आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी असलेल्या कराराचे उगमाचे सर्टिफिकेट) हवा आहे. सीएने व्हॅल्यू ॲडिशन काढली ती ३२.८ टक्के, आणि ३५ लागते म्हणे. शिवाय युरोपची जीएसपी आमच्या मालाला बंद झाली असे ऐकतो. आता काय करावे? – उद्योजक, बेळगाव

तुम्ही पाठवलेला हिशेब वाचकांसाठी थोडक्यात देतो, कारण ही चूक खूप ठिकाणी होते. सिलिंडरचा एफओबी भाव १८,००० रुपये. क्रोम रॉड ५,२०० आणि सील किट १,४०० हे आयात, बेअरिंग व फिटिंग २,००० तेही आयात, आणि होन केलेली ट्यूब ३,५००, ती पुण्याच्या व्यापाऱ्याकडून. चारही मिळून १२,१०० ‘परके’ धरले. राहिले ५,९००, म्हणजे ३२.८ टक्के.

ट्यूब भारतात विकत घेतली होती, मग ती परकी का धरली? तर तुमच्या सीएने बरोबर केले. दुकान पुण्याचे असल्याने माल भारतीय ठरत नाही. ज्याचा उगम सिद्ध करता येत नाही तो परका, असा नियम आहे. इथेच तुमची वाट आहे. ट्यूब भारतीय मिलची असेल तर व्यापाऱ्याकडून मिलचे टेस्ट सर्टिफिकेट आणि उगमाचे लेखी पत्र घ्या. ती ३,५०० वजा झाली की परका माल ८,६०० उरतो, आणि तुमचा वाटा ५२.२ टक्के होतो.

मात्र हे सर्टिफिकेट त्याच ट्यूबचे आहे हे दाखवता आले पाहिजे. मिल ट्यूबच्या टोकाजवळ हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या वितळीचा क्रमांक, मारते. बँडसॉवर पहिला तुकडा पाडताना नेमके तेच टोक भंगारात जाते, आणि मग रॅकवर पडलेल्या बाकीच्या ट्यूबचा कागदाशी संबंध उरत नाही. कापण्याआधी नंबर जॉब कार्डावर उतरवा आणि राहिलेल्या लांबीवर पंचने पुन्हा मारा. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी वाट म्हणजे संचय. आसियानच्या करारात आसियान देशांतून आलेला माल त्याच्या उगमाच्या सर्टिफिकेटसह असेल तर तो आपलाच धरता येतो. सील किट किंवा रॉड थायलंडहून आणत असाल तर पुरवठादाराकडून फॉर्म एआय मागून ठेवा. तो त्याच खेपेबरोबर मागावा लागतो, वर्षानंतर कोणी देत नाही.

पस्तीस टक्क्यांबरोबर दुसरी अटही आहे, कोड बदलण्याची. आसियानमध्ये परक्या मालाचा सहा अंकी कोड तयार मालापेक्षा वेगळा असावा लागतो. सिलिंडर ८४१२.२१, त्याचे सुटे भाग ८४१२.९०. त्यामुळे बाहेरून घडवून आणलेला पिस्टन रॉडही चालतो, सहा अंक बदलतात. हाच सिलिंडर सार्कच्या साफ्टा कराराखाली पाठवायचा झाला तर तिथे चार अंकी शीर्ष बदलावे लागते, आणि ८४१२ चा भाग ८४१२ च्या वस्तूत बसवून शीर्ष बदलत नाही. शिवाय साफ्टात व्हॅल्यू ॲडिशन ४० टक्के. शीर्ष बदलण्यासाठी रॉड लांब बारच्या स्वरूपात आणून टर्निंग, थ्रेडिंग इथे करावे लागेल. बारचा कोड ७२ व्या प्रकरणातला, म्हणजे प्रश्न मिटला. एकच वस्तू एका कराराखाली भारतीय ठरते आणि दुसऱ्याखाली ठरत नाही, ते यामुळे. म्हणून हिशेबाचा कागद कराराप्रमाणे वेगळा ठेवा. एकाची नक्कल दुसऱ्याला जोडू नका.

आता युरोप. ऐकलेत ते खरे आहे. युरोपीय संघ एखाद्या देशाचा एखाद्या गटातला वाटा ठरावीक मर्यादेबाहेर गेला की त्या गटाची जीएसपी थांबवतो. १ जानेवारी २०२६ पासून तीन वर्षांसाठी भारताच्या बऱ्याच औद्योगिक गटांची सवलत अशी थांबली, त्यात लोखंड-पोलाद आणि यंत्रसामग्री आहे. शेतमाल आणि चामड्याच्या वस्तूंना ती चालू आहे, म्हणून वरच्या अथणीच्या उत्तरात साडेचार टक्के धरले. पण तुमचे नुकसान किती ते मोजा. हायड्रॉलिक सिलिंडरचे युरोपातले मूळ शुल्क पावणेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. १८,००० च्या सिलिंडरला ४८६ रुपये. वाईट आहे, पण ग्राहक सोडून जाण्याएवढे नाही. पॅकिंगच्या पेटीचे वजन आणि कंटेनरमधली रिकामी जागा कमी करून यातले बरेच भरून काढता येईल.

ग्राहक स्वित्झर्लंडचा असेल तर आणखी सोपे. त्या देशाने १ जानेवारी २०२४ पासून औद्योगिक मालावरचे आयात शुल्क सगळ्यांनाच शून्य केले. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या एफ्टा गटाशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ ला लागू झाल्यावर बरेच जण तिथल्या सिलिंडरसाठीही उगमाचा कागद करायला धावले. त्याची गरज नाही. कागद करण्याआधी समोरच्या देशाचे मूळ शुल्क पाहावे, ते शून्य असेल तर सवलत नावाची वस्तूच तिथे नाही. ऑस्ट्रेलियात मात्र औद्योगिक मालावर सर्वसाधारण ५ टक्के आहे आणि २९ डिसेंबर २०२२ पासूनच्या करारामुळे आपल्याला शून्य. यूएईतही ५ टक्के आणि १ मे २०२२ पासूनचा करार. तिथे कागदाला किंमत आहे.

प्रश्न : संकेश्वरी मिरची युरोपला पाठवायची आहे. जीएसपीने किती फायदा होईल? – शेतकरी गट, संकेश्वर

काहीच नाही. तिखट वाळल्या मिरचीचे तिथले मूळ शुल्क शून्यच आहे. तुमची खरी तपासणी अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची. मर्यादा बी-१ साठी किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, एकूण १०. उघड्या जमिनीवर वाळवलेली आणि ओलसर असतानाच पोत्यात दाबलेली मिरची इथे मार खाते. खर्च करायचाच तर ताडपत्री, ओलावा मापक आणि लॉटनिहाय प्रयोगशाळा तपासणी यांवर करा.

प्रश्न : मी पदवीच्या वर्गाला अर्थशास्त्र शिकवते. अशा सवलतींमुळे विकसनशील देशांची निर्यात खरोखर वाढते का? मुलांना आपल्या ऊसपट्ट्यातून समजेल असे उदाहरण हवे. – प्राध्यापिका, चिकोडी

जीएसपीची कल्पना दिल्लीतच मान्य झाली. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेची, म्हणजे अंक्टाडची, दुसरी बैठक तिथे भरली होती. युरोपने १९७१ ला आणि अमेरिकेने १९७६ ला ती सुरू केली. हेतू असा की गरीब देशांनी कच्च्या मालाऐवजी कारखान्यातला माल विकावा.

ऊसपट्ट्यासाठी मॉरिशस हे उत्तम उदाहरण आहे. १९७५ च्या लोमे करारातल्या साखरेच्या जोडकरारानुसार युरोपने काही माजी वसाहतींची वर्षाला सुमारे १३ लाख टन साखर हमीभावाने घ्यायचे कबूल केले. हा भाव युरोपातल्या चढ्या भावाशी बांधलेला होता, जागतिक बाजाराशी नव्हे. त्यातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४.९ लाख टन, मॉरिशसचा. भारताचा वेगळ्या करारातला कोटा होता १०,००० टन. म्हणजे आपल्या एका मध्यम कारखान्याच्या हंगामाएवढाही नाही. मॉरिशसमध्ये या जादा पैशातून भांडवल साठले आणि त्यातले काही कापड कारखान्यांत गेले. इथवर सवलतीने काम केले.

मग २००६ पासून युरोपने आपल्या साखर धोरणात भाव ३६ टक्क्यांनी उतरवायला घेतला आणि २००९ मध्ये हा जोडकरारच संपला. कॅरिबियनमधल्या सेंट किट्सने वाट न पाहता २००५ मध्येच शतकानुशतके चाललेला साखर उद्योग बंद केला. मॉरिशसने कारखाने एकत्र केले, कच्च्या साखरेऐवजी पांढरी आणि खास तपकिरी साखर करायला घेतली, चिपाडापासून वीज विकली. दोघांना मिळालेली सवलत एकच होती. ती असताना मिळालेला पैसा कुठे घातला, यावर पुढचे ठरले. मुलांना हे सांगताना चिकोडी-हुक्केरीतल्या कारखान्यांची सहवीजनिर्मिती दाखवता येईल.

दुसरे उदाहरण आपल्याच देशाचे. अमेरिकेने ५ जून २०१९ पासून भारताची जीएसपी काढून घेतली. तेव्हा त्या योजनेतून वर्षाला सुमारे ५६० कोटी डॉलरचा माल जात होता, आणि वाचलेले शुल्क सरकारी अंदाजाने १९ कोटी डॉलर. सरासरी काढली तर साडेतीन टक्केही नाही. त्यामुळे देशाची निर्यात कोसळली नाही. पण सरासरीने फसू नये. तीन-चार टक्क्यांच्या नफ्यावर काम करणाऱ्या छोट्या युनिटला साडेतीन टक्के म्हणजे सगळेच. तो धक्का देशाच्या आकड्यात दिसत नाही, बंद पडलेल्या शेडमध्ये दिसतो. अमेरिकेच्या योजनेत आणखी एक कुंपण होते. एखाद्या वस्तूची एका देशातून होणारी आयात एकूण आयातीच्या निम्म्यावर किंवा ठरावीक रकमेवर (२०१८ साठी १८.५ कोटी डॉलर) गेली की त्या वस्तूची सवलत जायची. चांगले विकणाऱ्यालाच बाहेर काढणारी ही रचना आहे. आमच्या मते एकतर्फी सवलतीवर कारखान्याचे कर्ज काढणे म्हणूनच धोक्याचे. कराराची सवलत टिकाऊ, कारण ती मोडली तर मोडणाऱ्यालाही किंमत द्यावी लागते.

प्रश्न : वडगावात शर्टाचे युनिट काढायचा विचार आहे. युरोपात बांगलादेशचा माल आपल्यापेक्षा स्वस्त का पडतो? फक्त मजुरीमुळे? – वाचक, बेळगाव

मजुरी आहेच, पण शुल्कही मोठे आहे. तयार कपड्यांवर युरोपचे मूळ शुल्क १२ टक्के. बांगलादेश अतिअविकसित देशांच्या यादीत असल्याने त्याला शून्य. भारताला जीएसपीत ९.६ होते, २०२६ पासून तेही गेले, म्हणजे भारत-युरोप मुक्त व्यापार करारातले दर लागू होईपर्यंत पूर्ण १२. दहा युरोच्या शर्टावर सव्वा युरोच्या आसपास फरक. शिवाय २०११ पासून अतिअविकसित देशांना कापड कुठूनही आणून फक्त शिवले तरी सवलत मिळते, आपल्याला त्या काळातही कापड भारतात विणलेले असणे लागे. बांगलादेशचे त्या यादीतून बाहेर पडणे ठरले आहे, आणि बाहेर पडल्यावरही युरोप तीन वर्षे शून्य शुल्क चालू ठेवणार आहे. म्हणून साध्या शर्टात त्यांच्याशी भावाची झुंज घेऊ नका. सुरुवात यूएई किंवा ऑस्ट्रेलियापासून करा.

ब्रिटनचे काय, असेही तुम्ही विचारलेत. करारावर २४ जुलै २०२५ ला सही झाली. सही आणि अंमल या दोन तारखांत अंतर असते. यूएईच्या करारात ते अडीच महिन्यांहून कमी होते, एफ्टाच्या करारात दीड वर्षाहून जास्त. ग्राहकाला भाव सांगताना अंमलाची अधिसूचना हातात असावी, वर्तमानपत्राचे कात्रण नव्हे.

प्रश्न : कंटेनर मच्छेहून निघून न्हावाशेवाला जहाजावर चढलासुद्धा, आणि आता थायलंडचा ग्राहक एआय सर्टिफिकेट मागतोय. उशीर झाला का? – निर्यात विभाग, एक फाउंड्री, मच्छे

नाही, पण आज कामाला लागा. आसियानचे सर्टिफिकेट मालाबरोबर किंवा जहाज सुटल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत काढायचे असते. त्यानंतर ते मागाहून दिलेले म्हणून निघते, जहाज सुटल्यापासून १२ महिन्यांच्या आत, आणि त्यावर तसा शेरा असावा लागतो. शेरा नसेल तर तिकडे ते परत करतात, हे आल्याबरोबर तपासा.

डीजीएफटीच्या, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर आयईसीने प्रवेश करून अर्ज भरा. आयईसी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत केली नसेल तर ती निष्क्रिय असते आणि अर्ज तिथेच अडतो. सोबत इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बीएल (जहाज कंपनीची मालपावती) आणि खर्चाचा तक्ता. या पाच कागदांत इनव्हॉइस नंबर, तारीख, नग आणि निव्वळ वजन तंतोतंत जुळले पाहिजे. फाउंड्रीच्या मालात वजनच फसवते. पॅकिंग लिस्टवर काट्याचे खरे वजन, इनव्हॉइसवर ड्रॉइंगचे वजन, आणि शंभर-दीडशे किलोचा फरक. कोणते तरी एक ठरवा आणि सगळीकडे तेच घाला.

कोडही पाहा. शिपिंग बिलावर कच्चे कास्टिंग म्हणून ७३२५ लिहिले असेल आणि माल प्रत्यक्षात मशिनिंग करून, भोके पाडून, पंपाची बॉडी म्हणूनच वापरता येईल असा असेल, तर थायलंडचे कस्टम त्याला ८४१३ चा सुटा भाग म्हणेल आणि सर्टिफिकेट नाकारेल. ग्राहकाला आधी विचारा की तो कोणत्या सहा अंकांवर माल सोडवणार आहे. फरक असेल तर शिपिंग बिलाची दुरुस्ती कस्टमकडून करून घ्या आणि मगच सर्टिफिकेटचा अर्ज करा.

माल वाटेत कोलंबो किंवा सिंगापूरला जहाज बदलणार असेल तर बीएल न्हावाशेवा ते थायलंडचे बंदर असे सलग हवे. दोन तुकड्यांचे बीएल असेल तर माल मधल्या बंदरात कस्टमच्या ताब्यातच होता, याचे पत्र शिपिंग लाइनकडून घ्यावे लागते. ग्राहकाला आजच कळवा की माल सोडवताना सवलतीचा दावा नोंदवून ठेव आणि शुल्क अनामत म्हणून भर. दावाच नोंदवला नाही तर मागाहून सर्टिफिकेट पोचले तरी परतावा मिळवणे फार कठीण होते.